कोंबड्यांवरची मच्छरदाणी

मित्रांनो, एके काळी माझा रंग आभाळासारखा निळा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आता मला पाहून कुणाचा विश्वास बसत नाही. मी एक मच्छरदाणी आहे. वय साडेचार वर्षं. अंगावर सात ठिगळं आहेत, एका कोपऱ्याची दोरी तुटली म्हणून तिथे साडीचा काठ बांधला आहे, आणि मधोमध कोंबडीच्या विष्ठेचा एक डाग आहे, तो कितीही धुतलं तरी गेला नाही. मच्छरदाणीवर कोंबडीचा डाग कसा, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. तेच सांगायला बसले आहे. मधेमधे माझा आवाज चढला तर समजून घ्या.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. साध्या मच्छरदाणीत आणि माझ्यात एक फरक आहे. माझ्या धाग्यातच डास मारण्याचं औषध घातलेलं असतं. डास नुसता येऊन बसला तरी त्याचं काम संपतं. विणून झाल्यावर एका बाईने मला उजेडासमोर धरून भोकन् भोक तपासलं, मग माझी घडी घातली आणि सोबत एक कागद ठेवला. त्या कागदावर चित्रं होती, वाचता न येणाऱ्यालाही समजावीत अशी. एक खाट, खाटेवर माणूस, माणसावर मी. त्या कागदावर कुठेही कोंबडी काढलेली नव्हती. मासाही नव्हता.

रेल्वेने, मग ट्रकने आम्ही गोंदिया जिल्ह्यात आलो. सौंदडच्या स्टेशनापासून सायकलने अर्ध्या तासावर एक गाव आहे. सगळीकडे धानाच्या बांध्या, एक मोठा तलाव, दोन बोड्या म्हणजे लहान तळी, आणि पलीकडे जंगल. पाणी भरपूर, म्हणून धान भरपूर, म्हणून डासही भरपूर. मृग लागायच्या आधी ग्रामपंचायतीच्या पडवीत आमचं वाटप झालं. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, मंदाबाई, तिथे होत्या. त्यांनी मला उघडून, चार जणांच्या हातात चार कोपरे देऊन सगळ्यांना दाखवलं आणि पुन्हा पाकिटात घातलं. पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा, नाहीतर अंगाची थोडी आग होते. रात्री खाटेवर बांधा आणि कडा गादीखाली खोचा. धुवायची तर साध्या साबणाने, आणि वाळवायची सावलीत, उन्हाने औषध मरतं. मासे धरायला पाण्यात उतरवू नका, औषध माशांना बाधतं. एवढंच. शेवटी त्यांनी विचारलं की समजलं का, आणि पूर्ण पडवीने मान हलवली. त्या माना आठवल्या की मला अजून राग येतो.

मी आणि माझी एक बहीण, आम्ही दोघी बकारामच्या घरी गेलो. बकाराम दोन एकर स्वतःची आणि दोन एकर ठोक्याने, म्हणजे खंडाने घेतलेली धानशेती करतो. त्याची बायको रुख्मा, आणि एकुलता एक मुलगा गजेंद्र. गजेंद्र नागझिऱ्यात गाईड आहे. पावसाळ्यात जंगलाची फेरी बंद असते, तेव्हा तो गोंदियाला एका राईस मिलमध्ये कामाला जातो. घर स्वच्छ, माणसं कष्टाळू. मला वाटलं, आपलं नशीब चांगलं.

रुख्माने आमची पाकिटं हातात घेतली, वास घेतला, कौतुकाने उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "नवी कोरी वस्तू हाय. पाव्हने आले का काढू."

आणि आम्ही लोखंडी पेटीत गेलो. लुगड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. बाहेर पाऊस पडत होता, रोवणा म्हणजे धानाची लावणी चालू होती, माणसं चिखलातून थकून येत होती आणि झोपेत अंगावर चापट्या मारत होती. त्या चापट्या मला पेटीतून ऐकू यायच्या. मी डासांसाठी बनले, डास बाहेर आहेत आणि मी कुलपात आहे! पूर्ण वर्षात मला एकदा काढलं. रुख्माचा भाचजावई मुक्कामाला आला होता. त्याच्या खाटेवर मला बांधलं. तो सकाळी म्हणाला की अशी झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. चहा पिऊन तो गेला आणि त्याच्यामागे मीही पुन्हा पेटीत गेले.

दुसऱ्या वर्षी आम्हाला पेटीतून काढलं, पण कशासाठी ते ऐका. माझ्या बहिणीला बकारामने दोन बांबूंना बांधून बोडीत उतरवलं. तिची भोकं बारीक, त्यामुळे झिंगेसुद्धा निसटत नव्हते. तिच्या अंगातलं औषध पाण्यात उतरलं की माशांनाच बाधतं, हे मंदाबाईंनी पडवीत सांगितलं होतं. मान हलवणाऱ्यांत बकाराम पुढे होता. महिन्याभरात ती फाटली, मग वाडीत वांग्यांभोवती कुंपण म्हणून लागली, आणि तिथेच संपली. मला रुख्माने आंगणात कडक उन्हात, वाळत घातलेल्या शेवयांसारख्या सरगुंड्यांवर पांघरलं. औषधाचं कापड खाण्याच्या वस्तूवर, आणि तेही उन्हात. माझा निळा रंग तिथे गेला.

एकटी माझीच तक्रार असती तर मी गप्प बसले असते. पण त्या घरातल्या प्रत्येक वस्तूची तक्रार होती. आरोग्य खात्याची माणसं येऊन भिंतींवर औषध फवारून गेली. तीन महिने भिंत लिपू नका, पोतू नका, म्हणाली. आठव्या दिवशी पोळा होता. रुख्माने पांढऱ्या छुईमातीने सगळ्या भिंती पोतून काढल्या आणि समाधानाने मागे सरून पाहिलं. गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवलेल्या जुन्या टायरात पावसाचं पाणी साचून त्यात अळ्या वळवळत होत्या. न्हाणीजवळच्या ड्रमचं झाकण सायकलच्या खाली चिखल लागू नये म्हणून वापरात होतं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवा, हे मंदाबाई दर महिन्याला सांगायच्या. रुख्मा त्यांना प्रेमाने चहा पाजायची. पाणी तसंच राहायचं.

त्याच भादव्यात बकारामला ताप आला. थंडी वाजून दात कडकड वाजायचे, मग अंग पेटायचं, मग घामाने खाट ओली. मंदाबाईंनी बोटाला सुई टोचून किटवर तपासलं. मलेरिया निघाला. गोळ्या मिळाल्या, त्यातल्या काही चौदा दिवस घ्यायच्या होत्या. मंदाबाईंनी बजावून सांगितलं की ताप उतरला तरी सोडायच्या नाहीत, आजार आतच दबून राहतो आणि पुन्हा उठतो. पाचव्या दिवशी बकाराम शेतावर गेला. सहाव्या दिवशी मंदाबाई विचारायला आल्या तेव्हा तो म्हणाला की खाऊन राहिलो. उरलेलं पाकीट त्याने आढ्याच्या फटीत खोचलं. मी तेव्हा खुंटीवर लोंबत होते, मला दिसत होतं. मला तोंड असतं तर मी त्याच दिवशी ओरडले असते.

माघात गजेंद्रचं लग्न झालं. सून आली, गुंजन, कामठ्याची. बोलायला मोकळी, कामाला उरकदार. तिच्या माहेरी मच्छरदाणीशिवाय कुणी झोपत नसे. पहिल्याच आठवड्यात तिने सासूला विचारलं की घरात मच्छरदाणी आहे का. रुख्मा म्हणाली की आहे, पण कामात आहे. नवी सून तीच गोष्ट दुसऱ्यांदा कशी मागणार?

मी कोणत्या कामात होते? घारीने कोंबडीची दोन पिल्लं उचलली होती, म्हणून आंगणात दाराजवळ चार काठ्या रोवून मला वरून ताणलं होतं. खाली अकरा पिल्लं आणि एक तापट कोंबडी. ती माझ्यावर चढून बसायची. संध्याकाळ झाली की डास माझ्या अंगावरून, कोंबड्यांकडे ढुंकूनही न पाहता, सरळ घरात जायचे. दहा पावलांवर गुंजनची खाट होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गुंजनला दिवस होते. रोवण्यानंतर बकारामला दोनतीनदा कणकण आली. चिखलातल्या कामाने अंग मोडलं असेल म्हणून त्याने हळदीचं दूध घेतलं आणि आंगणात उघड्यावर झोपला. भादव्यात गुंजनला सातवा महिना होता, आणि एका दुपारी ती तांदूळ पाखडता पाखडता थरथरायला लागली. रुख्माने दोन गोधड्या टाकल्या तरी थंडी जाईना. रुख्माला वाटलं बाळंतपण जवळ येतंय, अशात होतं कधी. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती रुख्माला म्हणाली की आई, बाळ सकाळपासून हललं नाही.

तेव्हा मात्र रुख्मा स्वतः धावत जाऊन मंदाबाईंना घेऊन आली. किटवर दोन रेघा उमटल्या. मंदाबाईंनी लगेच गाडीला फोन केला. गाडी येईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या पोटावर कोंबडी बसली होती.

"मामी," त्या रुख्माला म्हणाल्या, "हे मच्छरदानी कोनासाठी देल्ली होती?"

रुख्मा हळूच म्हणाली, "घार पिल्लं उचलून राहिली होती बाई."

"घारीपासून पिल्लं वाचवाचं सुचलं तुमाले. सून नाई दिसली?"

रुख्माने पदर तोंडाला लावला. मित्रांनो, दोन वर्षं मला जे म्हणायचं होतं ते अखेर कुणीतरी म्हटलं होतं. पण मला अजिबात बरं वाटलं नाही. गाडी आली, गुंजनला झोपवून नेलं, आणि मी पिल्लांवर तशीच ताणलेली राहिले.

पुढचं मला त्या आंगणात जे बोलणं झालं त्यावरून कळलं. तालुक्याच्या दवाखान्यातून गुंजनला गोंदियाला हलवलं. मलेरियाने तिच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं, आणि पोटातल्या बाळाला धोका होता. रक्त चढवायचं ठरलं. गजेंद्र मिलमधून निघाला होता, पण वाटेत होता. बकाराम पुढे झाला. म्हणाला, माझं घ्या. तिथल्या सिस्टरने विचारलं की अलीकडे ताप येऊन गेला का. बकाराम खोटं बोलणारा माणूस नाही, नुसता अर्धं सांगणारा आहे. त्या दिवशी त्याने पूर्ण सांगितलं. त्यांनी त्याच्या बोटाला सुई टोचली, तपासलं आणि त्याला बाजूला बसवलं. थोड्या वेळाने गजेंद्र पोहोचला आणि त्याने रक्त दिलं.

दुसऱ्या दिवशी बकाराम एकटाच घरी आला. बैलांना चारा टाकला, हात धुतले आणि ओट्यावर बसून राहिला. रुख्माने चारदा विचारलं की सून कशी आहे. त्याने सांगितलं की बाळाचे ठोके लागताहेत, ताप उतरतोय. मग म्हणाला, "माझं रक्त नाई घेतलं त्यायनं."

रुख्माने कारण विचारलं.

"माज्याच रक्तात मलेरिया हाय म्हनते. मागच्या सालचाच उठला असन. गोळ्या म्या पाचव्या दिवशी सोडल्या होत्या. बरं वाटून राहिलं होतं."

त्याला डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मलेरियाचा डास एका माणसाला चावतो, त्याच्या रक्तातला आजार पोटात घेतो, आणि काही दिवसांनी दुसऱ्याला चावला की तो त्याच्या अंगात सोडतो. डास घरच्या आसपासच फिरतो. बकाराम आंगणात झोपायचा, गुंजन आत. मधे मी होते, पिल्लांवर. कोणता डास कुणाला चावला हे कुणी सिद्ध करू शकत नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. पण बकारामचं त्या वाक्याने समाधान झालं नव्हतं, हे त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

नऊ दिवसांनी गुंजन घरी आली. गालफडं बसलेली, पण चालत आली. त्या घरात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असलं तर रुख्माला सांगतो, किंवा भिंतीकडे पाहून मोठ्याने बोलतो. त्या संध्याकाळी तो तिच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. हातात आढ्याच्या फटीतलं ते जुनं पाकीट होतं, कडा उंदराने कुरतडलेल्या.

"बाई," तो म्हणाला, "हे माज्यापाई झालं."

गुंजनने डोक्यावरचा पदर सावरला. पाकिटाकडे पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं, रुख्मालाही वाटलं असावं, कारण ती पाणी घेऊन पुढे आली. गुंजन रडली नाही. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. नऊ दिवस दवाखान्यात पडल्यापडल्या ती हात पोटावर ठेवून बाळाची हालचाल मोजत होती, हे तिने नंतर मंदाबाईंना सांगितलं.

"आता नव्या देल्या ना गोळ्या, त्या पुऱ्या खा मामाजी," ती म्हणाली. "माज्यासमोर खा, रोज. आन ते मच्छरदानी काढून आना. आत्ताच्या आत्ता."

बकाराम आंगणात आला. काठ्यांच्या दोऱ्या त्याने सोडल्या. कोंबडीने त्याच्या हातावर चोच मारली, त्याने लक्ष दिलं नाही. बोअरिंगच्या हातपंपापाशी बसून, बाजूच्या बाया बघत असताना, त्या माणसाने मला साध्या साबणाने दोनदा धुतलं. उन्हात टाकायला निघाला आणि मग थबकून मला गोठ्याच्या सावलीत टांगलं. म्हणजे पडवीत सांगितलेलं त्याला सगळं आठवत होतं. हेच तर मला सहन होत नाही! माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती.

रुख्माने चष्मा लावून माझी भोकं शिवली, जुन्या जाळीचे तुकडे लावून ठिगळं घातली. ती शिवताना पुटपुटत होती, मला वाटतं माझी माफी मागत होती, पण ऐकू आलं नाही. गोठ्यावरचा टायर बकारामने कुऱ्हाडीने तोडून टाकला. ड्रमवर झाकण आलं. बैलांच्या टाक्यात मंदाबाईंनी आणलेले गप्पी मासे सोडले, ते अळ्या खातात. चौदा दिवस बकाराम सकाळी जेवण झाल्यावर गुंजनच्या दारापाशी यायचा, पाण्याच्या पेल्यासकट, आणि शाळेतल्या मुलासारखा तोंड उघडून गोळी गिळल्याचं दाखवायचा. पंधराव्या दिवशीही आला. गुंजन हसली, त्या आजारानंतर पहिल्यांदा.

कार्तिकात मुलगी झाली. दोन किलोलाही थोडी कमी. पहिला महिना तिला गुंजनने आणि रुख्माने आळीपाळीने उघड्या छातीशी धरून ऊब दिली. तिचं नाव आचल. जगली, मित्रांनो. आता ती दीड वर्षाची आहे, आणि तिला वाटतं मी तिचं घर आहे. ती दुपारीही माझ्याखाली झोपते, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे गुंजनने सगळ्या घराला पाठ करून घ्यायला लावलं आहे. आचलला दात आले आहेत आणि ती माझे धागे चावून पाहते. गुंजन ओरडते. सातवं ठिगळ त्यामुळेच आहे.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. माझ्या धाग्यातलं औषध आता संपत आलं आहे. नुसती जाळी म्हणून मी अजून वर्षभर चालेन, मग नवी लागेल. गुंजनच्या खोलीतल्या खिडकीतून शेजारी चैतरामची वाडी दिसते. तिथे दोडक्याच्या वेलावर माझ्यासारखीच एक निळी जाळी ताणलेली आहे, नवीकोरी, याच वर्षीच्या वाटपातली. परवा बकाराम त्याला दोन शब्द सांगायला गेला होता. चैतरामने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मान हलवली. जाळी अजून वेलावरच आहे. बकाराम आज पुन्हा जाणार आहे.

तुम्ही शाळेत जाणारी मुलं आहात. तुमच्या घरी पेटीत, माळ्यावर, वेलावर, नाहीतर कोंबड्यांवर माझी एखादी बहीण असेलच. मोठी माणसं मान हलवतील, त्यांच्यावर राहू नका. तुम्ही स्वतः जाऊन तिला काढा. घरातल्या कुणी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील तर त्यांना मंदाबाईंसारख्या आशाताईंकडे घेऊन चला. ड्रममध्ये वाकून पहा, पाण्यात काही वळवळत असेल तर ओतून टाका. गुरुजी तुम्हाला माझ्यावर निबंध लिहायला सांगतील, तुम्ही तो सुंदर अक्षरात लिहाल आणि दहापैकी नऊ गुण मिळवाल. जरूर मिळवा. पण वही उघडण्याआधी, दिवस मावळायच्या आत, मला खाटेवर बांधून या.